वरचं बटण

अमळनेर

चि. भैया यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या फोटोत गळ्याखालचा लाल त्रिकोण दिसला. तो उन्हाचा नाही. वरचं बटण उघडं ठेवून ट्रॉली वेल्ड केलीस, त्याचा छाप आहे. आर्कचे, म्हणजे वेल्डिंगच्या त्या झगझगीत विजेच्या झोताचे, अतिनील किरण लागताना काही कळत नाही. लाली काही तासांनी उठते. दुपारी भाजलेलं रात्री समजतं.

लाली जाते, साल निघते, पण आत पेशींत झालेली मोडतोड सगळीच दुरुस्त होत नाही. तीच जागा वर्षानुवर्षं भाजली की कातडी जाड, खरखरीत, डागाळलेली होते आणि कर्करोगाचा धोका असतो. सावळ्या रंगाची राखण अर्धीमुर्धीच. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं वेल्डिंगचे अतिनील किरण कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग नक्की करणाऱ्यांत, घातले, तेही डोळ्यातल्या कर्करोगाच्या पुराव्यावरून.

जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, जाड शर्ट नकोसा होतो, मान्य. तरी टेरिकॉट नको, ठिणगीनं वितळून अंगाला चिकटतं. सुती ड्रिल, म्हणजे जाड घट्ट विणीचं कापड, घाल, गडद रंगाचं. पांढऱ्यावरून किरण उलटून हेल्मेटच्या आत हनुवटीवर येतात. कापड उजेडासमोर धर. विणीतून उजेड दिसला तर किरणही आत येणार, म्हणून धुऊन विरलेला रुमाल गळ्याला बांधून भागत नाही. हातमोज्याचा कफ बाहीवर चढव. मनगटाची दोन बोटं जागा सगळेच विसरतात.

वेल्डिंगचा छोटा टाका मारताना हेल्मेट न घेता नुसते डोळे मिटायचे, ही खोड आधी मोड. पापणीइतकी पातळ कातडी अंगावर दुसरी नाही.

शेजारच्या आर्कपासून दीड मीटरवरून तीन मीटरवर सरकलास तर मारा चौथाईवर येतो. मध्ये काळा रंगवलेला पत्रा उभा कर. कोरा चकचकीत पत्रा किंवा ॲल्युमिनियम मागे असेल तर किरण पाठीमागून मानेवर येतात.

आता त्या जागेवर थंड पाणी, टूथपेस्ट नाही. फोड आलेच तर फोडू नकोस. पुढे कधी महिनाभर न भरणारी जखम, रक्त येणारा खरखरीत चट्टा किंवा रंग-कडा बदलणारा तीळ दिसला तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि वेल्डिंग करतो हे आधी सांग.

शर्टाचं कापड मी इथूनच घेतो, छातीचं माप कळव. खिशाला झाकण लावायला सांगतो, नाहीतर ठिणग्या आत पडतात.

तुझे बाबा