पावसाआधी शिनाण्यांची काढणी
सर्व सभासद व बचत गटातील ताईंना सूचना : खाडीतल्या तराफ्यांवर दोऱ्यांना वाढवलेले शिनाणे (खाण्याचे शिंपले) मे महिना संपायच्या आत काढून घ्यावेत. ‘अजून थोडे भरू देत’ म्हणून कोणी थांबू नये. पहिल्या मोठ्या पावसाचं गोडं पाणी खाडीत उतरलं की खारटपणा एकदम घटतो आणि दोरीवरचा माल जागच्या जागी मरतो. दोरी होडीत घेताना आपटू नका, झुपकेच्या झुपके सुटून तळाला जातात. विक्रीआधी माल रात्रभर स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवा, म्हणजे रेती निघते. टकटक करूनही तोंड न मिटणारा शिनाणा गिऱ्हाइकाला देऊ नये, तिथे भीडमुर्वत नको. रिकामी पिंपं, दोऱ्या, बांबू किनाऱ्यावर आणून बांधून ठेवा.
– सचिव