घुमट नको, सरकतं छप्पर करा

१५ फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,

सा. न. वि. वि.

बाबा, घरच्या वेधशाळेसाठी तुम्ही काढलेलं घुमटाचं चित्र मिळालं. मापं चोख आहेत, तरी माझं मत घुमट नको असंच आहे. घुमटाला आकाश दिसतं ते दीड-पावणेदोन फुटांच्या फटीतून. तारे सरकतात, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासाने घुमटही ढकलून फिरवावा लागतो. फायबरच्या पाकळ्यांचे सांधे आपल्याकडच्या उन्हात तडकतात आणि पहिल्या पावसात तिथूनच गळती लागते. शिवाय एकजण दुर्बिणीला डोळा लावून बसला की दुसऱ्याने अंधारात भिंत बघायची! सरकतं छप्पर असेल तर तुम्ही शनी बघत असताना आई खुर्चीत रेलून अख्खं आकाश बघेल. पुण्याच्या तुमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात १८८८ साली २० इंची आरशाची दुर्बीण बसवली होती, तेव्हाची देशातली सगळ्यात मोठी. १९१२ मध्ये ती कोडईकनालला गेली. तसल्या वेधशाळेला घुमट शोभतो. आपल्याला दहा बाय दहाची खोली पुरे.

गच्चीवर तर मुळीच नको. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत वाफा सोडतो, त्यात ग्रह उकळत्या पाण्यातल्यासारखे हलतात. खाली कोणी जिना चढलं तरी वरची प्रतिमा थरथरते. आणि गुडघे तुमचेच आहेत.

परसात जागा ठरवायला यंत्र लागत नाही. याच आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास प्लास्टिकची खुर्ची घेऊन जा आणि जिथे दुर्बिणीचा खांब यावा असं वाटतं तिथे बसा. बरोबर दक्षिणेला अगस्ती दिसायला हवा, क्षितिजापासून १९ अंशांवर. मग मान वळवून उत्तरेला ध्रुव बघा. फलटणहून तो १८ अंशांवर, म्हणजे जवळजवळ तेवढ्याच उंचीवर. हात लांब केल्यावर मूठ साधारण १० अंशांची भरते, तेव्हा दोन्हीकडे दोन मुठींहून जरा कमी. बसल्या जागेवरून दोन्ही दिसले तर जागा ठरली. ध्रुव कडुलिंबाआड गेला तर पुढे सरका: झाडाचा शेंडा दुर्बिणीहून ८ मीटर उंच असेल, तर झाडापासून किमान २५ मीटर अंतर लागतं. झाड तोडायचं नाही, हे आईच्या वतीने मीच लिहून टाकते.

पुस्तकांत छप्पर उत्तरेकडे सरकवा असं असतं. ते वरच्या अक्षांशांवर चालतं, तिथे ध्रुव उंच असतो. आपल्याकडे उत्तरेला सरकवलेलं छप्पर ध्रुवालाच झाकेल. दक्षिण तर सोडायचीच नाही, कारण नरतुरंग तारकासमूहातला मोठा तारकागुच्छ आपल्याला २४ अंशांपर्यंत वर येऊन मिळतो. म्हणून छप्पर पश्चिमेकडे सरकवा. गावाच्या दिव्यांचा उजेड तिकडूनच येतो, तोही थोडा अडेल. संध्याकाळचा शुक्र बुडण्याआधी लवकर झाकला जाईल, तेवढं सोसायचं.

आता पाया, कारण सगळी भिस्त त्यावरच आहे. आपली माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खणायला लावा, निदान तीन फूट. खड्डा अडीच फूट चौरस. तळाला चार इंच कोबा, त्यावर १० मिलिमीटर गजांची जाळी, मग १२ इंच चौरस खांब: १२ मिलिमीटरचे चार उभे गज, ८ मिलिमीटरच्या रिंगा सहा-सहा इंचांवर. काँक्रीट १:१.५:३, आणि सिमेंटच्या एका पोत्याला २५ लिटरच पाणी. माल पसरायला सोपा जातो म्हणून गवंडी आणखी पाणी ओततो, तिथे उभं राहायला हवं. दहा दिवस गोणपाट गुंडाळून पाणी मारा, आणि २८ दिवस वर काही ठेवू नका.

गवंडी आणखी एक गोष्ट हमखास करेल: खांब आणि फरशी एकदमच भरेल, "मजबूत होतं" म्हणून. तसं झालं की खोलीतलं प्रत्येक पाऊल दुर्बिणीत पोचतं. खांबाभोवती एक इंच जाडीचा थर्माकोल लावूनच फरशीचा माल ओतायचा, खांब फरशीला कुठेही शिवता कामा नये. नंतर फटीत वाळू-खडे पडू देऊ नका. एक खडा अडकला तरी कंपनाला वाट मिळते.

खांबाच्या माथ्यावर १२ मिलिमीटरचे चार बोल्ट रोवायचे. त्यांवर वर-खाली नटांनी लेव्हल करता येईल अशी तेवढ्याच जाडीची लोखंडी प्लेट बसते. माउंट, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणारी बैठक, आल्यावर तिला भोकं पाडू. उत्तर दिशा होकायंत्राने धरू नका, गजांजवळ सुई भरकटते. गवंड्याचेच दोन ओळंबे घ्या, खड्ड्याच्या दोन बाजूंना बांबूवर लटकवा आणि वजनं पाण्याच्या बादलीत सोडा म्हणजे झुलणार नाहीत. एका डोळ्याने दोन्ही दोऱ्या आणि ध्रुव एका रेषेत आणा, मग त्या रेषेवर जमिनीत खुंट्या ठोका. ध्रुव खऱ्या उत्तर बिंदूपासून पाऊण अंशाच्या आतच असतो, तेवढी चूक माउंटच्या स्क्रूने निघते.

छपराचा सांगाडा ४० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा, वर पांढरा पत्रा, आतून इन्सुलेशन. वजन दीडशे किलोच्या आसपास जाईल. फॅब्रिकेटर किलोवरच भाव सांगेल, म्हणून जाड पाइप गळ्यात मारू पाहील. चाकं आणि रूळ सरकत्या फाटकाचेच. पण रूळ म्हणून उताणं चॅनेल लावू देऊ नका, त्यात लिंबाचा पाला आणि माती साठून चाक अडतं. अँगल उपडा, धार वर करून वेल्ड करायचा. त्यावर खाच असलेली चाकं बसतात आणि कचरा आपोआप गळतो. खाचेची चाकं एकाच बाजूला, तीन. दुसऱ्या बाजूला सपाट पट्टीवर सपाट चाकं. दोन्हीकडे खाचा ठेवल्या तर रुळांत पाच मिलिमीटरचा फरक पडला, किंवा उन्हात छप्पर फुगलं, की ते तिरकं होऊन अडकतं. रूळ खोलीबाहेर आणखी दहा फूट खांबांवर न्यायचे, टोकाला अडसर.

वळवाचा वारा विसरू नका. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ४७ किलोच्या आसपास पडतो. आपलं छप्पर ११ चौरस मीटर, म्हणजे पाचशे किलो! चारही कोपऱ्यांत टर्नबकल (पीळ देऊन आवळायचे हुक) हवेत, आणि काम संपलं की तेव्हाच आवळायचे, "सकाळी बघू" नाही. भिंती पाच फूट. त्यामुळे दक्षिणेचं ८ अंशांखालचं झाकलं जातं. तिथे तसंही धुरकटच असतं.

दुर्बीण मात्र आत्ता घेऊ नका, दिवाळीनंतर घ्या. नाहीतर पावसाचे चार महिने ती दमट हवा खात बसेल. माझी पसंती ८ इंची श्मिट-कॅसिग्रेन, म्हणजे मागे आरसा, पुढे काच अशी आखूड नळीची दुर्बीण, मोटारीच्या माउंटवर. त्याच पैशांत हाताने फिरवायची मोठी डॉब्सोनियन येते आणि तिची प्रतिमा झकास असते, हे खरं. पण १०० पटीला दृष्टिक्षेत्र अर्ध्या अंशाचं, आणि मोटार नसेल तर शनी मधोमध आणला तरी मिनिटभरात कडेबाहेर. आईने चष्मा काढून खुर्ची ओढेपर्यंत तो गेलेला! श्मिट-कॅसिग्रेनच्या नळीचं नाभीय अंतर २०३२ मिलिमीटर, म्हणजे २० मिलिमीटरच्या नेत्रिकेने (डोळा लावायच्या भिंगाने) १०० पट मिळतात. ३२ ची एक आणखी घ्या, १० ची क्वचितच लागेल. दुकानदाराला एकच प्रश्न नक्की विचारा: माउंटचा अक्ष १८ अंशांपर्यंत, म्हणजे आपल्या ध्रुवाच्या उंचीपर्यंत, खाली येतो का? काहींची मर्यादा २० अंशांची असते, आणि एवढ्या कमी कोनात तोल सांभाळणाऱ्या वजनाचा दांडा खांबावर आदळतो. त्यासाठी मध्ये अरुंद पाइपचा तुकडा लागतो.

डिसेंबरात पुढच्या काचेवर दव येईल. योगा मॅटची फूटभर लांब नळी गुंडाळा, आतून काळी. दव पडलंच तर कापडाने पुसायचं नाही, हेअर ड्रायर मंद ठेवून सुकवा. वीज १२ व्होल्टच्या ४२ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर. माउंट आणि दवपट्टी (काच कोमट ठेवणारी पट्टी) मिळून ३ अँपिअर धरले तरी सहा तासांना १८ लागतात. वायरचा पाइप दोन्ही तोंडांनी स्टील वूल कोंबून बंद करा. पाल आत शिरून सर्किटवर बसते, उंदीर वायर कुरतडतो.

जून ते सप्टेंबर नळी घरात, लाकडी कपाटात. अर्धा किलो सिलिका जेल आणि एक आर्द्रतामापक. काटा ५० च्या खाली राहिला तर बुरशी धरत नाही. जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर निळं होईपर्यंत परतायचं. आई, तो तवा पोळ्यांचा नको.

खांबाची उंची अजून ठरायची आहे. दोघंही आपापल्या खुर्चीत ताठ बसा आणि जमिनीपासून डोळ्यापर्यंतचं माप सेंटिमीटरमध्ये कळवा. त्यातलं लहान माप मी धरणार आहे, आणि खांब आणखी १० सेंटिमीटर कमीच भरू. पाइपचा तुकडा घालून वाढवता येतं, काँक्रीट कापता येत नाही.

तुमची
धाकटी