डिसेंबरच्या पगारातले नऊ फरक

पुणे, गुरुवार, 22 जानेवारी 2026

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तू यंत्रे पाहायला कोइमतूरला निघालीस त्याच्या आदल्या रात्री पगाराच्या सॉफ्टवेअरवरून आपले बोलणे अर्धवट राहिले. खरे तर ते बोलणे नव्हतेच; तू संगणकाची बाजू लढवत होतीस, मी माझ्या वहीची, आणि तुझे बाबा आपले ताट उचलून स्वयंपाकघरात निघून गेले. तू काढून ठेवलेले डिसेंबरचे पगारपत्रक आणि माझी वही शेजारी शेजारी मांडून गेले काही दिवस एकेक ओळ ताडून पाहिली. आज कारखान्याला सुट्टी आहे, म्हणून जे दिसले ते कळवते, आणि तेही पत्रातच, कारण पत्रात तू मला मध्ये तोडू शकत नाहीस.

माझा सॉफ्टवेअरला विरोध आहे, हा तुझा समज आधी काढून टाक. 1998 पासून मी पगार काढते आहे. सुरुवातीला खाकी पाकिटांवर पेन्सिलीने आकडा लिहून, सुट्या पैशांसकट नोटा मोजून भरायच्या आणि सहा तारखेच्या रात्री ती पाकिटे उशाशी घेऊन झोपायचे. नोव्हेंबर 2016 मध्ये जुन्या नोटा बंद झाल्या आणि त्या हिवाळ्यात सगळ्यांची बँकेत खाती उघडून घेतली, तेव्हा पाकिटे सुटली. वही मात्र सुटली नाही. महिन्याच्या पहिल्या पाच रात्री 28 माणसांची हजेरी, खाडे, ओव्हरटाइम, प्रॉव्हिडंट फंड आणि उचल यांचे गणित करण्यात जातात, आणि आता चष्मा लावूनही सहाचा आठ दिसतो. हे ओझे माझ्या डोक्यावरून उतरले तर मला हवेच आहे.

तुझ्या पहिल्या पत्रकात 28 च्या 28 पगार चुकले होते, हे तू हसण्यावारी नेलेस, पण ते नीट समजून घेण्यासारखे आहे. सॉफ्टवेअरने आठवड्याची सुट्टी आपणहून रविवारी धरली होती. भोसरीत सुट्टी गुरुवारी असते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि म्हणून त्याने चारही गुरुवारी सगळा कारखाना गैरहजर ठरवला व चारही रविवारी सगळ्यांना ओव्हरटाइम देऊ केला. तू ती एक नोंद बदललीस आणि सगळे जागेवर आले. पण गुरुवारची गोष्ट निदान कारखान्याबाहेरच्या पाटीवर तरी लिहिलेली आहे. माझ्या डोक्यात अशा कितीतरी गोष्टी आहेत ज्या कुठेच लिहिलेल्या नाहीत. एक दिवसाचा खाडा झाला की पगाराला कशाने भागायचे, हेच घे. 18,200 रुपये पगाराच्या माणसाचा एक दिवस 26 ने भागला तर 700 रुपयांचा होतो, 31 ने भागला तर 587 रुपयांचा, आणि फेब्रुवारीत 28 ने भागला तर 650 चा. आपण वर्षभर 26 धरतो. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही पर्याय आहेत आणि त्याला तिन्ही सारखेच बरोबर वाटतात.

गुरुवार दुरुस्त झाल्यावर नऊ फरक उरले. त्यांतले तीन अंगठ्याचे आहेत. आपल्या दोन टर्नरकाकांची आणि ग्राइंडिंगवरच्या दादांची बोटे तू कधी जवळून पाहिली आहेस का? बिडाची भुकटी आणि कूलंट यांत वर्षानुवर्षे काम करून अंगठ्यावरच्या रेषा गुळगुळीत झाल्या आहेत. सकाळी ते यंत्रावर अंगठा ठेवतात, यंत्र नकार देते, ते तो पँटीला पुसून पुन्हा ठेवतात, पुन्हा नकार येतो, मागे रांग वाढते आणि ते तसेच आत जातात. माझ्या वहीत ते हजर आहेत, कारण मी त्यांना पाहिले आहे. तुझ्या पत्रकात एकाचे तीन, दुसऱ्याचे दोन आणि तिसऱ्याचे दोन दिवस खाड्यात गेले आहेत. ज्याने सर्वांत जास्त वर्षे राबून बोटे झिजवली त्याचाच पगार कापला जावा, हे मला सहन होणार नाही. अंगठ्याऐवजी चेहरा ओळखणारे यंत्र बसव, किंवा साधी कार्डे दे. आणि काहीही बसवलेस तरी हजेरी दुरुस्तीची एक वही दारापाशी ठेव, जिच्यात त्याच दिवशी कामगाराची आणि सुपरवायझरची सही होईल. महिनाअखेर आठवून केलेली दुरुस्ती वादाला कारण होते.

उशीर झाला की अर्धा दिवस कापण्याचा जो नियम तू घातला आहेस, त्याविषयीही एक सांगते. हॅरिस पुलावर गाड्या अडकल्या की बोपोडीकडून येणारी पाच-सहा माणसे एकदम वीस मिनिटे उशिरा येतात, आणि मी तो उशीर कधीच मांडत नाही. पण एकटाच माणूस महिन्यात पाचव्यांदा उशिरा आला तर मांडते. हा भेद सॉफ्टवेअरला शिकवता येणार नाही, म्हणून सवलतीची मिनिटे सर्वांना सारखी ठेव आणि कपातीआधी नावे स्वतः पाहा.

चार फरक उचलीचे आहेत. तू लाल वहीतली बाकी जशीच्या तशी भरलीस आणि दरमहा 1,000 रुपये हप्ता लावलास, ते बरोबरच आहे. पण दिवाळीच्या महिन्यात आणि जूनमध्ये, मुलांच्या वह्या-पुस्तकांच्या वेळी, मी हप्ता घेत नाही. आणि ज्याच्या घरी दुखणे निघाले असेल त्याचा 500 वर आणते. डिसेंबरमध्ये चौघांचे हप्ते असेच कमी घेतले होते. तू विचारलेस, नियम काय? नियम नाही, मी माणूस पाहून ठरवते, आणि इथे तुझा आक्षेप मला मान्य करावा लागतो, कारण मी सवलत दिली ती मागणाऱ्यांनाच दिली; जे लाजेने गप्प राहिले त्यांचा पूर्ण हप्ता कापला गेला. तेव्हा वर्षातून दोन महिने सर्वांचाच हप्ता थांबवावा, तशी सोय सॉफ्टवेअरमध्ये करून ठेवावी, आणि त्यापलीकडची सवलत तू स्वतः कारण लिहून द्यावी. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत, ही कायद्याची मर्यादाही तिथेच घालून ठेव; दोन उचली एकदम फेडणाऱ्याच्या बाबतीत ती एखादे वेळी गाठली जाते.

आठवा फरक ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याच्या वर्गणीचा, आणि त्यात तू चुकलीस. मिलिंगवरच्या मुलाचा पगार नोव्हेंबरपासून 21,600 झाला. ईएसआयची मर्यादा 21,000 आहे, म्हणून पत्रकात त्याची कपात थांबलेली दिसते. पण वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो, आणि त्या काळात मध्येच पगार मर्यादेच्या वर गेला तरी काळ संपेपर्यंत वर्गणी भरावीच लागते. त्याचे 0.75 टक्क्याने 162 रुपये आणि आपले 3.25 टक्क्याने 702 रुपये मार्चपर्यंत भरायचे आहेत. सॉफ्टवेअरला हा नियम ठाऊक होता. तू त्याची नोंद करताना नवा पगार ऑक्टोबरपासूनच आहे असे भरलेस, म्हणून त्याने तो पहिल्यापासूनच मर्यादेबाहेर धरला. त्याची बायको बाळंतपणाला आली आहे आणि ईएसआयच्या दवाखान्याच्या भरवशावर ते घर बसले आहे, तेव्हा ही 162 रुपयांची बाब त्या घराला किती महागात पडली असती, याचा अंदाज तुला येईल.

नववा फरक माझा. हेल्परचे काम करणाऱ्या पोराचा पगार 1 डिसेंबरपासून 15,600 चा 16,640 केला, हे मीच वहीत वरच्या कोपऱ्यात लिहिले आणि ओव्हरटाइम मात्र जुन्या दराने लावला. जुना तास 75 रुपयांचा, दुप्पट दराने 150. नवा 80 चा, म्हणजे 160. त्याने 14 तास जास्त काम केले होते, म्हणजे त्याला 140 रुपये कमी गेले. काल मी त्याला बोलावून विचारले की तुझ्या लक्षात आले नाही का? तो म्हणाला, "आले होते वहिनी, पण तुम्ही चुकणार नाही म्हणून मीच पुन्हा मोजले, आणि मग सोडून दिले." मी त्याच्या हातावर 140 रुपये ठेवले, ते त्याने घेतले, आणि कामाला गेला. मला मात्र रात्री झोप लागली नाही. माझ्यावरच्या विश्वासाखाली सत्तावीस वर्षांत असे किती 140 दबले असतील, ते आता मोजता येणार नाही.

म्हणून माझी एकच अट आहे, आणि ती सॉफ्टवेअर घेण्याआधी विक्रेत्याकडून मान्य करून घे. पगाराची पावती मराठीत निघाली पाहिजे, आणि तिच्यावर नुसता "ओव्हरटाइम रु. 2,240" असा आकडा नको, किती तास, कोणत्या दराने, कोणत्या तारखांना, हे तिच्यावर असावे. खाडे किती आणि कोणत्या दिवशीचे, उचलीची बाकी किती, फंडात त्याचे किती आणि आपले किती गेले, हेही असावे. पगार बँकेत जाण्याच्या दोन दिवस आधी ती कच्ची पावती प्रत्येकाच्या हाती पडावी. मोबाइलवर पाठवशील तर पाठव, पण पॅकिंगच्या दोघी मावशींना कागदच दे. त्या घरी मुलांकडून वाचून घेतात.

त्या दोघींवरून तुझ्या बाजूचा एक मुद्दा मीच सांगते. 1 एप्रिल 2023 पासून महाराष्ट्रात 25,000 पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर माफ झाला, आणि मी ऑक्टोबरपर्यंत दोघींचे दरमहा 200 रुपये कापत राहिले. सल्लागारांनी विवरण भरताना दाखवून दिले तेव्हा प्रत्येकीचे 1,400 परत केले. सॉफ्टवेअरने असे दर वेळच्या वेळी बदलले तर त्यासारखे सुख नाही. डिसेंबरच्या पत्रकात त्याने कामगार कल्याण निधीचे 25 रुपये कोणी न सांगता कापले आणि आपले 75 बाजूला दाखवले, ते पाहून मी मनात त्याला शाबासकी दिली. मी त्यासाठी जून आणि डिसेंबरच्या पानावर कालनिर्णयवर लाल खूण करून ठेवते. मिळकतकराची चिंता फारशी नाही, आपल्याकडे तेवढा पगार कोणालाच नाही.

नव्या कामगार संहितांचे मात्र सल्लागारांसमोर बसूनच ठरव. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या लागू झाल्या आणि वेतनाची व्याख्या बदलली. आपल्या सुपरवायझरना एकूण 40,000 मिळतात, त्यांत बेसिक 16,000 आणि बाकी 24,000 भत्ते. आता भत्ते निम्म्याहून, म्हणजे 20,000 हून, जितके जास्त तितके वेतनात धरायचे, म्हणजे त्यांचे वेतन 20,000 झाले. त्यांच्या दहा वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना द्यायची रक्कम) जुन्या बेसिकवर 92,308 रुपये होत होती, ती 1,15,385 होते. बेसिक कमी आणि भत्ते जास्त ठेवण्याची ही युक्ती बाबांना कोणीतरी सुचवली होती; मला ती तेव्हाही रुचली नव्हती.

बँकेत पाठवायच्या यादीबद्दल थोडक्यात लिहिते. ती एक्सेलमधून कधीही उघडून पुन्हा साठवू नकोस. एक्सेल खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये खाऊन टाकते आणि सोळा आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य करून ठेवते. 2017 मध्ये माझ्या हातून असेच तिघांचे पगार परत आले आणि ऐन संक्रांतीला त्यांना घरून पैसे नेऊन दिले. यादी तू तयार केलीस तर बँकेतली मंजुरी बाबांनी द्यावी, दोन्ही पासवर्ड एकाच डायरीत नकोत. फंड आणि ईएसआय यांची 15 तारीख चुकवू नकोस. कामगाराच्या पगारातून कापलेला फंड एक दिवस जरी उशिरा भरला तरी तो खर्च म्हणून वजा मिळत नाही आणि त्यावर कर लागतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दिला होता.

जानेवारीचा पगार मी वहीत काढते, तू सॉफ्टवेअरमध्ये काढ, आणि माझा आकडा आधी पाहू नकोस. असे मार्चपर्यंत तीन महिने चालू दे. फरक शून्यावर आला तर एप्रिलपासून मी वही बंद करते. पगार सात तारखेच्या आत द्यायचाच आहे, तेव्हा तू चार फेब्रुवारीला संध्याकाळपर्यंत परत ये. लाल वही कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे, किल्ली नेहमीच्या डब्यात.

तुझी,
आई

ता. क. फेब्रुवारीत पुरुषांचा व्यवसाय कर 200 नसतो, 300 असतो. सॉफ्टवेअर कापते का ते पाहा, आणि कापले तर पावतीवर एका ओळीत कारण छाप. दरवर्षी या महिन्यात कमीत कमी सहा जण मला विचारायला येतात.