आग विझल्यावर भाडं कोणी भरायचं? गृहनिर्माण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

भाड्याच्या घराला आग लागली की अग्निशमन दल येतं, पोलीस पंचनामा करतात. दुसऱ्या दिवसापासून घरमालक आणि भाडेकरू यांच्यात जे सुरू होतं, त्याची दाद मात्र पटकन कुठेच लागत नाही. मी भाडेकरार ऑनलाइन नोंदवून देण्याचं काम करतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक कराराची प्रिंट घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "यात आगीचं काही लिहिलंय का हो?" बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं.

मध्यंतरी आलेलं एक प्रकरण सांगतो. बेडरूममध्ये भाडेकरूने स्वतःचा एसी बसवला होता. सॉकेट सोळा अँपिअरचं, मालकाने दिलेलं. पण त्यामागची वायर लाइट-पंख्याच्या सर्किटवरून ओढलेली, जेमतेम एक चौरस मिलिमीटरची. एसीला जाड वायर आणि वेगळा एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप बंद पडणारा स्विच, लागतो, हे कुठलाही वायरमन सांगेल. वायर तापली, बोर्ड वितळला, पडद्याने पेट घेतला. मालक म्हणाले, एसी तुम्ही लावलात. भाडेकरू म्हणाला, पॉइंट तुमचाच होता. दोघांचंही खरं होतं! आठवड्याभरात मालकांनी पेंटर लावून भिंती खरवडून घेतल्या, जळका बोर्ड भंगारात गेला आणि त्यासोबत पुरावाही गेला. भाडेकरूचं कुटुंब नातेवाइकांकडे, डिपॉझिट मालकांकडे, आणि वर लॉक-इनचं, म्हणजे ठरावीक मुदतीआधी घर सोडता येत नाही या अटीचं, कारण सांगून पुढच्या महिन्याच्या भाड्याची मागणी.

कायदा काय म्हणतो? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चं कलम 108 सांगतं की आगीमुळे जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेपट्टा संपवण्याचा पर्याय भाडेकरूकडे असतो. मात्र नुकसान त्याच्याच चुकीने झालं असेल तर नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 14 दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकतं. नोटीस देऊन पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. इमारत जमीनदोस्त झाली तरी भाडेहक्क आपोआप संपत नाही, असंही सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने 2014 मध्ये सांगितलं आहे.

पण साहेब, हे सगळं रीतसर भाडेकरूसाठी. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या लेखी भाडेकरू नाहीच, तो परवानाधारक. त्याला लागू होतो दुसऱ्याची जागा परवानगीने वापरण्याचे नियम असलेला सुविधाधिकार अधिनियम, तोही 1882 चाच. मालमत्ता नष्ट झाली किंवा कायमची बदलली तर परवाना संपला, इतकंच त्यात आहे. पूर्ण घर जळून खाक होणं क्वचित घडतं. नेहमी घडतं ते असं, की एक खोली जळते, बाकी घर काजळीने भरतं, वीज तोडलेली असते आणि महिना-दोन महिने तिथे राहता येत नाही. मग घर पुन्हा ठीकठाक होतं. या मधल्या दोन महिन्यांचं भाडं, बाहेर राहण्याचा खर्च, डिपॉझिट, यांवर कायदा गप्प आहे. जागेतला माहीत असलेला धोकादायक दोष मालकाने आधी सांगितला पाहिजे, अशी तरतूद याच अधिनियमाच्या कलम 57 मध्ये आहे खरी. करार करताना ती कुणी वाचून दाखवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

एक बारीक गोष्ट, पण छळणारी. लाइट बिल मालकाच्या नावावर असतं. आगीनंतर वीज पुन्हा जोडायची तर अर्जावर सही त्याची लागते. मालक परगावी असला की अर्ज तसाच पडून राहतो आणि भाड्याचे दिवस मात्र मोजले जातात.

केंद्राने 2021 मध्ये जो आदर्श भाडेकरार अधिनियम राज्यांकडे पाठवला, त्यात याची बरीच उत्तरं आहेत. वायरिंग मालकाकडे, स्विच-सॉकेटची दुरुस्ती भाडेकरूकडे अशी सरळ वाटणी आहे. आगीसारख्या आपत्तीत घर राहण्याजोगं उरलं नाही, तर ते पुन्हा तसं होईपर्यंत भाडं घ्यायचं नाही, असंही त्यात म्हटलं आहे. पागडीवाल्यांना, म्हणजे एकरकमी पागडी देऊन जुन्या घरांत कमी भाड्याने राहणाऱ्यांना, त्या कायद्याची धास्ती वाटते, म्हणून तो जसाच्या तसा घ्या असं मी म्हणत नाही. माझी मागणी त्याहून खूप लहान आहे.

करारांच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या मसुद्यात एक ओळ हमखास असते: झीज सोडून जागेचं काही नुकसान झालं तर परवानाधारक भरून देईल. त्याच्याखाली आगीचं कलम छापा. घर राहण्याजोगं होऊन वीज परत येईपर्यंत भाडं थांबेल. दोघांच्या समक्ष फोटो आणि वीजकामाचा परवाना असलेल्या ठेकेदाराचा अहवाल होईपर्यंत जळक्या भागाला कुणी हात लावणार नाही. डिपॉझिटमधून कापायचं ते राहणाऱ्याची चूक त्या अहवालातून दिसली तरच, अंदाजाने नाही. आणि चावी देतानाच कुठल्या पॉइंटवर किती लोड चालेल हे लिहून द्यायचं.

मी भाडेकरूंची वकिली करत नाही. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर हीटर आणि इस्त्री चालवणारे, स्कूटरची बॅटरी रात्रभर दाराजवळ चार्जिंगला लावणारेही मी पाहतो. अशा वेळी नुकसान त्यांनीच भरलं पाहिजे, शेजाऱ्याचंसुद्धा. मालकाच्या विम्यात आपलं कपाट आणि टीव्ही येत नाही, हेही त्यांना कुणी सांगत नाही. 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे, तीत भाडेकरूला फक्त घरातल्या सामानाचाही विमा काढता येतो. कराराच्या शेवटी दोघांच्या विम्यासाठी दोन रकाने ठेवले तरी निदान विषय निघेल.

नोंदणी विभाग महसूल खात्याकडे येतो, आपल्याकडे नाही, याची कल्पना आहे. पण घरांचा विषय आपला आहे आणि नमुना मसुद्यात चार ओळी वाढवायला कायदादुरुस्ती लागत नाही, महसूल मंत्र्यांना एक पत्र लागतं. जूनमध्ये शाळा-कॉलेजं सुरू होताना करारांची झुंबड उडते, त्याआधी ते गेलं तर बरं. कलमांचा कच्चा मसुदा आपल्या कार्यालयाकडे वेगळा पाठवला आहे.

आपला,
भाडेकरार नोंदवून देणारा एक जण