कोयनेचा कागद

शिवाजीनगर, पुणे

प्रिय मंद्या,

परवा फोनवर विचारलंस ना, की कम्प्युटरच्या जमान्यात भूकंपमापकांचे हे जुने कागद कसले चिवडत बसतोस, तेव्हा नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितोय. चहा घेऊन बस.

अरे, मोठे भूकंप एकाच जागी परत यायला शेकडो वर्षं जातात आणि डिजिटल नोंदी तर आत्ताआत्ताच्या, मग आधीचं कागदावरूनच काढायला लागतं. आपला कोयनेचा भूकंप घे, 11 डिसेंबर 1967, पहाटे 4.21. पण नोंदी ग्रीनिचच्या वेळेत, त्यामुळे कागदावर तो 10 तारखेच्या रात्री 22.51 ला शोधायचा!

भूकंपमापकाच्या ड्रमला फोटोचा पेपर गुंडाळलेला, त्यावर प्रकाशाचा ठिपका फिरतो, दर मिनिटाला बारीकशी खूण. त्याआधीच्या यंत्रांत काजळी धरलेला कागद असायचा, सुई ओरखडे काढायची, मग काजळी पुसू नये म्हणून वर शेलॅक, म्हणजे लाखेचा थर. गंमत म्हणजे जवळच्या स्टेशनवर मोठा झटका धड दिसतच नाही, ठिपका इतका सुसाट पळतो की रेघ पुसटच होते नाहीतर कागदाबाहेरच जाते, म्हणून कोयनेसाठी लांबलांबच्या देशांतले कागद बघायचे.

लोक म्हणतात स्कॅन कर नि दे सॉफ्टवेअरला. दोन रेघा एकमेकींवर चढल्या की ते गपचूप भलत्याच रेघेवर जातं, मग मी आहेच माऊस धरून. त्यात सुईचा दांडा कमानीत फिरतो म्हणून रेघ वाकडी, ती सरळ करा. पावसात कागद सादळतात ते वेगळंच.

पण खरा जीव कडेच्या पेन्सिलीच्या नोंदींत. घड्याळ किती सेकंद मागे, पेंडुलमचा पिरियड (एका झोक्याचा वेळ) किती, मॅग्निफिकेशन किती, म्हणजे यंत्र हालचाल किती पट मोठी करून दाखवतं. ते नसेल तर जमीन मिलिमीटरभर हलली की मायक्रॉनभर, काय कपाळ कळणार? आणि एका ठिकाणी (नाव नको) बाइंडिंग सुबक दिसावं म्हणून कडाच छाटल्यात, असा संताप झाला म्हणून सांगू! बरं, आकडा असला तरी डोळे झाकून घ्यायचा नाही. वुड-अँडरसन नावाच्या जुन्या भूकंपमापकाचं मॅग्निफिकेशन वर्षानुवर्षं 2800 धरलं, 1990 मध्ये तपासलं तर 2080 च्या आसपास निघालं. तेवढ्याने भूकंपाचा मॅग्निट्यूड (तो रिश्टरचा आकडा) साधारण 0.13 ने हलतो.

आता कामाचं. कागद जमिनीचं सांगतो, कोयनेजवळच्या पाटणच्या घरांचं नाही. तुझी आजी तेव्हा तिथेच होती ना? दसऱ्याला जाशील तेव्हा विचार, भिंत कुठल्या बाजूला पडली, फडताळातली भांडी खाली आली का, उभं राहता येत होतं का. स्वतः बघितलेलं नि नंतर ऐकलेलं वेगळं लिही. मोबाईलवर रेकॉर्डच कर, फक्त मध्ये मध्ये तू बोलू नकोस, तुला ती खोड आहे.

तुझा,
सुन्या