मुक्ता, तुझी पानं परत वाचली

सोलापूर,
१८ जानेवारी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

"बाबा, कशासाठी लिहायचं तेच कळेना झालंय," असं तू परवा फोनवर म्हणालीस आणि मी घाईत काहीतरी बोलून गेलो. ते सोडून दे. गड्ड्याच्या जत्रेतली गर्दी, मागे पाळण्यांचा कालवा, त्यात नीट बोलणं होत नाही. काल दुपारी आई जरा आडवी झाली होती, तेव्हा तू दोन वर्षांत दर रविवारी लिहून मला पाठवलेलं सगळं एका बैठकीत परत वाचलं.

चादरीच्या कारखान्यात मी दिवाणजी म्हणून एकवीस वर्षं काढली, हे तुला ठाऊकच आहे. रोज रात्री डायरी लिहायची सवय तिथलीच. पहिली सात वर्षं काय लिहायचो? सुताचा भाव, वीज किती तास गेली, पगार वाटला, पाऊस आला. मग मलाही तुझ्यासारखंच झालं. हे सगळं कारखान्याच्या वहीत आहेच, मग मी वेगळं कशाला लिहितोय? तीन महिने पेन हातात धरलं नाही. एका रविवारी सहज जुन्या डायऱ्या काढून बसलो. पानंच्या पानं वाचवेनात. आणि मधेच चार ओळी सापडल्या. मागावरचे एक मामा कांड्या तेलुगूत मोजतात, मालकाशी मराठीत बोलतात आणि दारात भाजीवाली आली की कन्नडमध्ये घासाघीस करतात. धागा तुटला की माग थांबवून दोन्ही टोकं चिमटीत धरतात, नखावर गाठ मारतात, उरलेलं शेपूट कातरून टाकतात, आणि तोवर चाललेलं बोलणं काही तुटत नाही.

त्या ओळी वाचताना मला मागांची धडधड ऐकू आली गं. तेव्हापासून ठरवलं, रोज एक माणूस आणि त्याचे हात. भावबिव बंद. पुढे कारखाना बंद पडला, माग किलोवर भंगारात गेले. त्या हातांची नोंद आता माझ्या चौदा वह्यांत आहे, दुसरीकडे कुठंच नाही.

आणखी एक सांगतो. तू ज्या हुतात्मा एक्सप्रेसनं जातेस-येतेस, तिचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. १९३० च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी झाली. हे सगळं लिहून ठेवलेलं आहे, चौकात पुतळे आहेत, परवाच बाराला हार घातले. माझे आजोबा मार्शल लॉच्या वेळी सोळा वर्षांचे, गिरणीत बदली कामगार. मी विचारलं की एवढंच सांगायचे, "गांधी टोपी घडी करून कमरेला खोचली आणि बोळाबोळानं घरी आलो." पुढे गप्प. घरी कोण वाट बघत होतं, त्या रात्री चूल पेटली का, ती टोपी परत कधी डोक्यावर चढली, काही म्हणजे काही राहिलं नाही. एवढ्या मोठ्या घडामोडीतलं आपल्या घरचं एकच वाक्य शिल्लक आहे. मला ते अजून लागतं.

आता तुझ्या लिखाणाबद्दल. सिनेमांवरचं, पुण्याच्या पावसावरचं, कॉफीच्या दुकानांवरचं चांगलं आहे, भाषा स्वच्छ आहे, पण तसं आणखी कुणीही लिहील. स्पष्ट सांगतोय, रागावू नकोस. मात्र न ठरवता तू चारदा एकाच जागी परत आलीस. पहिल्यांदा निघालीस तेव्हा आईनं फडक्यात बांधून दिलेल्या कडक भाकरी. आजीनं उखळात तेल सुटेस्तोवर कुटलेली शेंगाचटणी खोलीवरच्या मुलींनी दोन दिवसांत संपवली आणि तुला रडू आलं, ते पान. गाडीनं कुर्डुवाडी सोडली की तुझं "काय की" गळून पडतं आणि "माहीत नाही" येतं, हे तर मी तीनदा वाचलं. आणि शेजारच्या सीटवरची ती मुलगी, जिनं घरी नोकरी सुटल्याचं सांगितलंच नव्हतं. या चार पानांत तू आहेस. गाव सोडून गेलेल्या मुलीबरोबर काय जातं आणि काय मागं राहतं, हे तुला सांगायचंय. तुला अजून ते दिसलेलं नाही, एवढंच.

दोन महिने फक्त हेच लिहून बघ. दर रविवारी लिहिलंच पाहिजे हा हट्ट सोड, एखादा रविवार कोरा गेला तर जाऊ दे. त्या मुलीचं लिहिलंस तसं दुसऱ्याच्या घरचं लिहिताना मात्र आधी त्या माणसाला विचारत जा. किती जणांनी वाचलं तेही मोजू नकोस, एकच माणूस डोळ्यांसमोर धर. मी मामांना धरायचो. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, तरी खोटं लिहायला गेलो की हात अडायचा. तू आत्याला धर. सातवी शिकलेली बाई, बोलण्यात दम नसला की उठून सरळ भांडी घासायला जाते.

आजीची तब्येत बरी आहे. थंडी यंदा बरी पडली आहे, हुरडा खायला एक दिवस तरी ये.

उद्या पार्सल टाकतो. त्यात चटणीचा डबा आहे आणि माझी १९९८ ची डायरी. मामांचं पान दुमडून ठेवलं आहे. डायरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आहे, तरी डबा आधी बाहेर काढ, तेल लागायला नको.

तुझे
बाबा