आत्ता इंटरनेट घेऊ नका

न्यू जर्सी
19 जानेवारी 1997

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, 'साताऱ्यात इंटरनेट घ्यायचं तर किती पडेल' या प्रश्नाखाली तुम्ही दोन रेघा मारल्यात, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते: आत्ता घेऊ नका.

इथे नोव्हेंबरपर्यंत तासांचा हिशेब होता. फोनवरून इंटरनेट देणाऱ्या दोन कंपन्या, कॉम्प्युसर्व्ह घ्या की अमेरिका ऑनलाइन, महिन्याला 9.95 डॉलर, त्यात पाच तास, पुढे दर तासाला 2.95. एक डोळा घड्याळावर ठेवूनच वाचायचं. 1 डिसेंबरपासून अमेरिका ऑनलाइनने 19.95 डॉलरमध्ये महिनाभर हवं तेवढं वापरा, असं जाहीर केलं. आता एकदा लाइन लागली की लोक सोडतच नाहीत आणि बाकीच्यांना एंगेज टोन. पेपरात रोज त्याच्याच बातम्या, कोर्टकचेरीही सुरू झालीय.

पण सोपं म्हणाल तर अमेरिका ऑनलाइनच. फ्लॉपी टपालाने फुकट येते. घातली, चार बटणं दाबली की झालं. आईला नक्की जमेल (व्हीसीआर घरात कोण लावतं ते मला माहीत आहे). कॉम्प्युसर्व्हवर माहिती खच्चून भरलेली, पण तिथला पत्ता म्हणजे नुसते आकडे आणि मधे स्वल्पविराम. बाहेरून पत्र पाठवायचं तर त्या स्वल्पविरामाच्या जागी टिंब द्यायचं! जन्मभर खातेक्रमांक लिहिलेत तुम्ही, तुम्हाला आवडेलही.

आता आपल्याकडचं. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने 15 ऑगस्ट 1995 ला इंटरनेट सुरू केलं तेव्हा घरगुती ग्राहकाला 250 तासांचे 5,000 रुपये होते. म्हणजे तासाला 20 रुपये. इथल्या 2.95 डॉलरचे शंभराच्या वर होतात, तेव्हा तुम्हाला ते स्वस्तच वाटणार. खरी गोम फोनच्या बिलात आहे. इथे आमच्या घरून स्थानिक फोन कितीही वेळ लावून ठेवला तरी जादा पैसे पडत नाहीत. तिथे मीटर पळत राहतो, आणि साताऱ्याहून तर पुण्याला एसटीडी, म्हणजे बाहेरगावचा महागडा फोन, लावावा लागेल. पाव दर रात्री अकरानंतर. तुम्ही साडेनऊला घोरायला लागता.

शिवाय त्या 5,000 वाल्या स्वस्तातल्या खात्यावर काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. चिऊचा फोटो तिथे दिसत नाही, वेगळ्या आज्ञा टाइप करून तो आधी उतरवून घ्यायचा. सेकंदाला 9,600 बिटच्या वेगाने 60 केबीचा एक फोटो यायला मिनिटभर तरी लागणार, तेही मधे लाइन तुटली नाही तर. तुटली की बहुतेक पुन्हा पहिल्यापासून, आणि एसटीडीचा मीटर चालूच.

त्यापेक्षा दादाला पुण्यात घेऊ दे. त्याला फोन स्थानिक पडतो, कॉम्प्युटर घरी आहेच. मी त्याला ई-मेल करीन, तो छापून रविवारी येताना घेऊन येईल. तुमचं उत्तर त्याच्याकडे द्या, त्याच रात्री मला मिळेल. निम्मे पैसे मी देते. त्याच्याशी मीच बोलते, तुम्ही विषय काढू नका. आई, ई-मेलवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहावं लागतं, तेव्हा तुझी पोस्टाची पत्रं बंद करायची नाहीत.

आणि तो दुकानदार मोडेम (कॉम्प्युटर फोनला जोडायचं यंत्र) गळ्यात मारायला बघतोय ना, त्याला सांगा, मुलगी दिवाळीत येणार आहे, तेव्हा बघू.

तुमची,
मंजू